खर्जापुरता खर्च

सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची रक्कम हाती आली तेव्हा आमच्या महाविद्यालयातील अर्थशास्त्राच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी घरी नवी ध्वनियंत्रणा बसवली आणि आम्हा चार-पाच सहकाऱ्यांना एका रविवारी सकाळी 'ऐकायला' बोलावले. 'गाणे ऐकायला' असे ते म्हणाले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दिवाणखान्यात कंबरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर होते. मध्ये नुसती बैठी मेज होती आणि तिच्यावर काळ्या डब्यांची उतरंड. दोन्हींचा आवाज जिथे नेमका जुळतो अशी खुर्ची एकच. त्यामुळे आम्ही आळीपाळीने तिच्यात बसत होतो, दाढी करून घ्यायला रांग लावावी तसे. सर उत्साहाने एकेक ध्वनिमुद्रण लावत, "आता पाहा, तानपुरा डावीकडून कसा येतो," म्हणत, आणि तानपुरा डावीकडून येऊन पोचला की दुसरे लावत. तीन तासांत आम्ही तेवीस-चोवीस गाणी ऐकली असतील. पैकी एकही समेपलीकडे फारसे गेले नाही.

आमच्या मराठी विभागात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक तरुण सहकारी कोपऱ्यात मोड्यावर बसला होता. मानाच्या खुर्चीत बसण्याची त्याची पाळी काही आली नाही. मध्येच एका चिजेवर तो हळूच म्हणाला, "हा बसंती केदार ना, सर?" सर म्हणाले, "असेल. पण मागचा तानपुरा ऐका." आणि पुढचे लावले. तेव्हा तो जे बोलला ते मी अजून विसरलेलो नाही. "राहू द्या ना सर तेच. ताना अजून यायच्या होत्या."

निघताना सरांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही तर संगीतातले जाणकार. तुम्हीही घेऊन टाका. किती खर्च करायचा तेवढे फक्त ठरवा, बाकीचे मी सांगतो."

किती खर्च करायचा? हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा वाटतो. पण आपण स्वतःला रसिक म्हणवतो ते कशाच्या जोरावर, याची तपासणी या एका प्रश्नात होऊ शकते असे मला वाटते. म्हणून त्याचे उत्तर सविस्तर आणि थोडे कडवटपणाने द्यायचे ठरवले आहे.

आधी एका सोयीस्कर उत्तराचा समाचार घेतला पाहिजे. ते असे की, 'साधनाला महत्त्व नाही, भाव महत्त्वाचा. आमच्या वडिलांनी मर्फीच्या रेडिओवर अब्दुल करीम खाँ ऐकले आणि डोळ्यांतून पाणी काढले.' हे वाक्य मराठी मध्यमवर्गाला फार प्रिय आहे, कारण ते फुकट आहे. माझ्याही वडिलांकडे ट्रान्झिस्टर होता. शनिवारी रात्री आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीत कार्यक्रम, जो १९५२ साली सुरू झाला, तो ते उशाशी घेऊन ऐकत. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणातून जेमतेम साडेचार-पाच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पोचतो आणि त्यातही खरखर मिसळलेली असते. तरी त्यांनी ऐकले, हे खरेच. पण एका प्राथमिक शिक्षकाला त्या काळी जे परवडत होते त्यातले उत्तम त्यांनी घेतले होते. आज जो गृहस्थ भिंतभर दूरचित्रवाणी संच लावतो, ओट्यावर धूर ओढणारी चिमणी बसवतो आणि किशोरीताईंचे गाणे मात्र मोबाइल पालथा टाकून ऐकतो, त्याने वडिलांच्या ट्रान्झिस्टरचा दाखला देऊ नये. वडिलांचा नाइलाज होता, याची ती हयगय आहे.

आणि ही हयगय नुसती भावनिक नाही. तिला मोजमाप आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तानपुऱ्यातील चौथी तार, म्हणजे खर्ज, त्याच्या निम्म्यावर, सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. डग्ग्याचा घुमारा याच परिसरातला. मोबाइलच्या पोटातला नखाएवढा स्पीकर काही शे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. म्हणजे खर्ज तर नाहीच, गायकाच्या मध्य षड्जाचा मूळ स्वरसुद्धा तिथे नाही. मग आपल्याला षड्ज ऐकू कसा येतो? आपला मेंदू वरच्या स्वरांशांवरून हरवलेला मूलस्वर ताडून घेतो म्हणून. फाटलेल्या पोथीतला गाळलेला शब्द आपण संदर्भाने लावतो ना, तसेच. अर्थ लागतो, पण पान फाटलेले ते फाटलेलेच. ज्या संगीताची सारी इमारत षड्जावर उभी आहे, त्याचा पायाच अंदाजाने समजून घ्यायचा आणि वर रसिक म्हणवून घ्यायचे, हे मला मान्य नाही.

तेव्हा खर्चाची खालची मर्यादा ठरली. खर्ज खर्जासारखा ऐकू आला पाहिजे. जवारीचा झणत्कार आणि डग्ग्याची मींड वेगवेगळी कळली पाहिजे. एवढे ज्यातून होत नाही ते घेऊ नये. जे आहे त्यातून एवढे होत नसेल तर आणखी पैसे घालावेत. 'भाव महत्त्वाचा' म्हणणाऱ्यांचा निरोप मी इथे घेतो.

आता सरांकडे वळू. सर एकटे नाहीत; तो एक पंथ आहे. यंत्रे बदलत राहणे ही त्या पंथाची साधना आणि 'आणखी थोडे बरे' हा त्यांचा मंत्र. त्यांचा युक्तिवाद असा : संगीत अमूल्य आहे, म्हणून त्याच्यासाठीच्या खर्चाला मर्यादा घालणे क्षुद्रपणाचे आहे. ऐकायला हे उदात्त वाटते. पण 'अमूल्य' या शब्दाने वस्तूची किंमत ठरत नाही, दुकानदाराची सोय होते. देव अमूल्य आहे म्हणून नारळाला पाचशे रुपये द्यावेत असे आपण म्हणत नाही.

मूळ चूक अशी की ही सगळी शिडी ज्या संगीतासाठी उभारली गेली ते आपले नव्हे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शंभर वादक एकाच वेळी वाजवतात. त्यांच्या चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनची बत्तीस फुटी नळी १६ हर्ट्झपर्यंत खाली जाते. तो स्वर कानांपेक्षा छातीलाच अधिक कळतो. कुजबुज आणि गर्जना यांतले त्या संगीतातले अंतरही प्रचंड. ते सारे एका खोलीत उभे करायचे तर मोठे स्पीकर, दणकट अॅम्प्लिफायर, जमीन हादरवणारी वेगळी पेटी, हे सगळे समजण्यासारखे आहे. त्या श्रोत्याची गरज खरी आहे. पण आपल्या मैफलीत असते काय? एक गळा, दोन तानपुरे, तबला, आणि एक सारंगी किंवा पेटी. चार-पाच माणसे एका जाजमावर मावतात. खर्जाच्या ६०-७० हर्ट्झखाली त्यांच्यापाशी सांगण्यासारखे जवळजवळ काही नाही. म्हणजे जमीन हादरवणाऱ्या पेटीचे पैसे देऊन आपण घरी आणतो तो मजल्याखालून जाणाऱ्या ट्रकचा आवाज.

वरच्या टोकाचेही तसेच. निरोगी तरुण कान २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो असे पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते. वयाबरोबर वरची हद्द खाली येत जाते आणि ही हानी भरून निघत नाही. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्याने वरच्या दोन-चार हजार हर्ट्झवरचा हक्क कधीच सोडून दिलेला असतो. आयुष्याची गंमत अशी की कान असतात तेव्हा पैसे नसतात, आणि फरकाची रक्कम जमा होते तोवर ज्याच्यासाठी ती खर्चायची ते वरचे स्वरांश कानांनी केव्हाच निवृत्तीला पाठवलेले असतात.

याहून मोठी मर्यादा ध्वनिमुद्रणाचीच आहे, आणि तिच्याबद्दल यंत्रपंथी मंडळी चमत्कारिक मौन पाळतात. १९०२ साली गैसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहर जानने कर्ण्यात तोंड घालून गायिले. तेव्हा आवाजाच्या जोरानेच सुई हलायची. मायक्रोफोनने होणारे विद्युत ध्वनिमुद्रण रुळले १९२५ नंतर. दीर्घकाळ वाजणारी तबकडी आली १९४८ साली. त्याआधीचे जे आहे ते तीन-साडेतीन मिनिटांचे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली केसरबाई केरकरांची भैरवी तेवढीच आहे. आपला खरा ठेवा कोणता? या तबकड्या, आकाशवाणीच्या फिती, आणि कुणीतरी मैफलीत मांडीवर यंत्र ठेवून घेतलेल्या, नंतर एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा उतरवलेल्या कॅसेटी. त्यांत खोकले आहेत, कपबश्या आहेत, "क्या बात है" आहे. बहुतेक सारे एकमार्गी, म्हणजे डावे-उजवे नसलेले. सरांचा तानपुरा डावीकडून यायचा असेल तर तो अलीकडे स्टुडिओत मुद्रित झालेला असावा लागतो. म्हणूनच त्यांच्या घरी तीन तासांत जुने काही वाजले नाही. यंत्र महाग झाले आणि त्याने गाणी निवडायला सुरुवात केली. मालकाने नव्हे, यंत्राने! माझ्या मते या छंदावरचा सगळ्यात गंभीर आरोप हाच आहे. चांगल्या साधनाने ऐकण्याचा परीघ वाढायला हवा. इथे तो आक्रसला. जे ध्वनिमुद्रण यंत्राला शोभत नाही ते घराबाहेर गेले, आणि त्याबरोबर अर्धे घराणे गेले.

"पण आम्हाला फरक ऐकू येतो त्याचे काय?" असा प्रश्न हमखास येतो. येत असेल. पण दोन यंत्रांपैकी एक किंचित मोठ्याने वाजत असेल तर कान त्याला 'मोठे' न म्हणता 'चांगले' म्हणतो, ही साधी गोष्ट कुठलाही दुकानदार जाणतो. म्हणून आवाज काटेकोर सारखा करून आणि कोणते यंत्र वाजते आहे हे लपवून परीक्षा घ्यावी लागते. अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७ साली अशी परीक्षा प्रसिद्ध केली. एकीकडे अतिसूक्ष्म दर्जाचे ध्वनिमुद्रण, दुसरीकडे तेच साध्या सीडीच्या मापातून, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने या मापातून, गाळून काढलेले. ५५४ वेळा ओळखायला सांगितले. २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी एवढेच आले असते. न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की रीस यांनी २०१६ साली अशा १८ प्रयोगांची एकत्र छाननी केली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. म्हणजे फरक अगदीच नाही असे नाही. पण त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळी आहे. ज्यांना आधी ऐकण्याचे प्रशिक्षण दिले होते त्यांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात गेले. फरक पडला तो तालमीमुळे. ज्यांना कान सुधारायचा आहे त्यांनी कुठे खर्च करावा, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

आता खोलीकडे पाहू. हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले, आणि त्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळे. वक्त्याचे पुढचे वाक्य मागच्यात बुडून जाई. १८९५ साली वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम सोपवले गेले. त्याने रात्री-अपरात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या वाहून आणल्या, मांडल्या, आवाज किती वेळ टिकतो ते मोजले, सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेल्या. त्या हमालीतून वास्तुध्वनिशास्त्र जन्माला आले. आपल्या आजच्या सदनिकेत काय असते? चकचकीत फरशी, काचेची सरकती दारे, उघड्या भिंती. त्यात लाखाचे स्पीकर ठेवा नाहीतर पाच लाखांचे, तान भिंतीवर आपटून परत येणार आणि स्वतःच्याच पाठीवर पडणार. उलट आजोळच्या माजघरात गाद्यांची चळत, कपड्यांच्या वळ्या, पुस्तकांची फडताळे असत आणि आवाज कसा मऊ बसे! तेव्हा खर्चाची पहिली बाब अशी : जाजम, जाड पडदे, पुस्तकांनी भरलेले कपाट, भिंतीवर एखादी गोधडी. मराठीच्या प्राध्यापकाजवळ यांतली निदान एक गोष्ट तरी मुबलक असते.

दुसरी बाब स्पीकर. बरा-वाईट फरक खरोखर पडतो तो इथे. मध्यम आकाराचे, फडताळावर मावणारे, पण भिंतीपासून थोडे पुढे ओढून ठेवलेले दोन स्पीकर आणि त्यांना पेलेल असा साधा अॅम्प्लिफायर. घरच्या खोलीत, शेजाऱ्यांशी संबंध टिकवून ऐकायचे, तर बहुतेक वेळ एक-दोन वॅटसुद्धा वापरले जात नाहीत. शेकडो वॅटचा आकडा ही लग्नाच्या वरातीची गरज आहे. तारेवर खर्च करू नये. पुरेशी जाड तांब्याची तार बस्स आहे. मिरजेच्या कारागिराच्या हातचा चांगला तानपुरा जेवढ्यात येतो त्याहून महागड्या तारांच्या जोड्या आज बाजारात विकल्या जातात. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आपण वर्तमानपत्रात वाचून अभिमान बाळगला, आणि पैसे त्या दुसऱ्या तारेला दिले!

आकडाच हवा असेल तर माझा अंदाज असा आहे की सगळे मिळून तीस ते साठ हजारांत खर्ज खर्जासारखा ऐकू येतो. त्यापुढे प्रत्येक पायरीला दुप्पट पैसे आणि निम्मा फरक. कुणाला हेही परवडत नसेल तर त्याने कानात घालायचे बऱ्यापैकी इअरफोन घ्यावेत. त्यांना खोलीचा दोष लागत नाही आणि खर्जही कानात नीट उतरतो. तासिका तत्त्वावरचा आमचा तो सहकारी दोन तालुक्यांतल्या दोन महाविद्यालयांच्या मध्ये एसटीत बसून असाच ऐकतो. त्याचे वर्षाचे मानधन सरांच्या एका स्पीकरएवढे असेल-नसेल. बसंती केदार ओळखला तो त्याने.

इथवर मी दुसऱ्यांचे हिशेब तपासले. आता स्वतःचा मांडतो, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता मत्सर ठरेल.

मीही या शिडीच्या काही पायऱ्या चढलो आहे. दहा-बारा वर्षांत तीनदा स्पीकर बदलले, दोनदा अॅम्प्लिफायर. गेल्या महिन्यात जुन्या वह्या काढून बेरीज केली : १,८५,००० रुपये. याच वर्षांत आमच्या गावातल्या संगीत मंडळाला मी वर्षाला ५०० रुपये वर्गणी दिली. तीही दोनदा मागितल्यावर. मंडळ शाळेच्या सभागृहात वर्षाला सहा बैठका करी. कुणी होतकरू गायक-गायिका, दोन साथीदार, प्रवास, चहा, जाजमाचे भाडे धरून एका बैठकीला पंचवीसेक हजार लागत. मग बैठका चारावर आल्या, मग दोनावर. २०२० साली महासाथीत बंद पडल्या त्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. मंडळाचे चिटणीस एक निवृत्त टपाल कर्मचारी होते. ते मागे एकदा घरी आले होते. माझे नवे स्पीकर त्यांनी कौतुकाने ऐकले, डोळे मिटून, पूर्ण विलंबित होईपर्यंत. उठताना म्हणाले, "छान आहे हो. मैफलीत बसल्यासारखे वाटते." त्यांनी टोमणा मारला नव्हता, तसा त्यांचा स्वभावच नव्हता. पण १,८५,००० भागिले २५,००० हा हिशेब त्या रात्री माझा मलाच करावा लागला. सात बैठका. मैफलीत बसल्यासारखे वाटावे म्हणून मी सात मैफली खर्ची घातल्या होत्या.

कुणी म्हणेल, तुम्ही स्पीकर घेतले नसते तर ते पैसे मंडळाला दिले असते कशावरून? दिले नसते, हे खरे आहे. तिथेच तर सगळी मेख आहे. यंत्रावर खर्च करून आपले रसिकतेचे ऋण फिटले अशी मनाची समजूत पटते. हातून पैसा गेलेला असतो, तोही संगीताच्या नावाने गेलेला असतो. मग वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन आलेला माणूस आपल्याला भिकारी वाटू लागतो. ज्या पैशातला एकही रुपया कुठल्या गायकाच्या, तबलजीच्या, तानपुऱ्याची जवारी लावणाऱ्याच्या घरी पोचत नाही, त्याला 'संगीतावरचा खर्च' म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे. तो विजेच्या उपकरणावरचा खर्च आहे. शीतकपाटासारखाच. शीतकपाट घेण्यात गैर काही नाही. फक्त ते घेऊन कुणी स्वतःला अन्नदाता म्हणवत नाही. आणि ज्या मार्गाने आपण आज गाणे घरात आणतो त्या महाजालावरच्या सेवांतून एका ऐकण्यामागे कलाकाराच्या पदरात पडते ते पैशांच्या अपूर्णांकात मोजावे लागते. म्हणजे तिथूनही त्याची भरपाई नाही.

'आमचा पैसा, आमची हौस, तुम्हाला काय करायचे?' या आक्षेपाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि द्यायची इच्छाही नाही. यंत्राची हौस ही निर्मळ हौस असू शकते. कुणी जुन्या मोटारी जमवतो, कुणी घड्याळे. त्याने तसे म्हणावे. माझे भांडण त्या हौसेला संगीतप्रेमाचे उपरणे पांघरून मिरवण्याशी आहे.

भास्करबुवा बखल्यांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. १९११ साली पुण्यात ज्यांनी भारत गायन समाज स्थापन केला, ज्यांच्या गाण्याच्या आख्यायिका आपण शंभर वर्षे सांगतो आहोत, ते १९२२ साली गेले, आणि त्यांच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. जगातल्या कुठल्याही किमतीच्या यंत्रावर भास्करबुवा वाजणार नाहीत. तरी ते आपल्यापर्यंत पोचले. कसे? मास्तर कृष्णरावांच्या गळ्यातून, बालगंधर्वांच्या गळ्यातून, त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांतून. माणसाने माणसाला शिकवले, आणि कुणीतरी समोर जाजमावर बसून ते ऐकले म्हणून. ऐकणाऱ्याने बिदागी दिली, जेवू घातले, गाडीभाडे दिले. ही साखळी तुटली तर पुढच्या पन्नास वर्षांनी आपल्या अत्युत्तम यंत्रांवर वाजवायला नवे काय असणार आहे?

म्हणून सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर दोन ओळींत बसते. यंत्रावर खर्जापुरता खर्च करावा. आणि यंत्रावर जेवढा रुपया घालाल तेवढाच रुपया गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जिवंत माणसावर घालावा. तिकीट काढून, वर्गणी देऊन, घरी बैठक करून, मुलीला शिकवणी लावून, कसेही. दुसरा रुपया देववत नसेल तर पहिला खर्चताना आपण नेमके काय विकत घेत आहोत ते स्वतःला विचारावे. हा नियम मी स्वतःला लावला तर आज मी १,८५,००० रुपयांतून वर्गणीचे पाच-सहा हजार वजा जाता उरलेल्या रकमेचा देणेकरी आहे. एकदम फेडण्याची ऐपत नाही. चिटणीसांना गेल्या आठवड्यात फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येते. दोनदा सांगावे लागले. दिवाळीनंतर आमच्या दिवाणखान्यातच पहिली बैठक करायचे ठरले आहे, पंचवीस-तीस माणसांची, मायक्रोफोन न लावता. स्पीकर त्या दिवशी आतल्या खोलीत जातील, जागा व्हावी म्हणून.

सरांना निमंत्रण दिले आहे. तासिका तत्त्वावरच्या आमच्या सहकाऱ्यालाही दिले आहे, आणि त्याला पहिल्या रांगेत बसवायचे मी ठरवले आहे. ताना येईपर्यंत कुणी उठणार नाही, एवढी व्यवस्था मात्र करावी लागेल.